रजेवर आलेला माणूस सुटलेला नसतो

घरातला माणूस तुरुंगात आहे ही गोष्ट गावात कोणी मोठ्याने बोलत नाही. पाहुण्यारावळ्यांनी विचारले तर "मुंबईला असतो", "कंपनीत लागलाय" असे काहीतरी सांगून वेळ मारून नेली जाते. घरात लग्नाची मुलगी असेल तर मग विचारूच नका. पण वाचकहो, बांधावरून भांडण पेटते, पाण्याच्या पाळीवरून कुऱ्हाड उगारली जाते, आणि रागाच्या त्या एका घटकेपायी चांगल्या कष्टाळू घरातला माणूस दहा-पंधरा वर्षांसाठी आत जातो. असे घर आपल्या पंचक्रोशीत नाही असे छातीवर हात ठेवून किती जणांना सांगता येईल?

तो माणूस मग अधूनमधून गावात दिसतो. पारावर कुजबूज होते. कोणी म्हणते जामिनावर सुटला, कोणी म्हणते पैसे चारले, कोणी म्हणते शिक्षाच संपली. यातले बहुधा काहीच खरे नसते. तो सुटलेला नसतो, रजेवर आलेला असतो. त्याची शिक्षा तशीच उभी असते. फक्त काही दिवसांपुरती तुरुंगाची भिंत काढून तिच्या जागी एक कागद ठेवलेला असतो. त्या कागदावर काय लिहिले आहे हे आलेल्या माणसाला ठाऊक असून भागत नाही. आई, बायको, भाऊ आणि ज्याने जामीनदार म्हणून सही केली तो मामा किंवा मेहुणा, या सगळ्यांना ते ठाऊक हवे. ते ठाऊक नसल्यामुळे दोन दिवसांच्या उशिरापायी पुढच्या कित्येक रजा बुडालेली घरे आहेत. म्हणून हा लेख.

कच्चा आणि पक्का

आधी एक घोटाळा दूर करू. खटला चालू असताना जो आत असतो त्याला लोक कच्चा कैदी म्हणतात. त्याला रजा नसते. त्याला बाहेर यायचे तर जामीन, आणि तो देते न्यायालय. शिक्षा लागली की माणूस पक्का कैदी होतो. तुरुंगाच्या भाषेत शिक्षाबंदी. रजेचे नियम आहेत ते या पक्क्या कैद्यासाठी. शिक्षेविरुद्ध अपील केले असेल तर अपिलात जामीन मागता येतो, पण तीही न्यायालयाचीच वाट. जामिनाचा अर्ज तुरुंगाच्या दारात आणि रजेचा अर्ज कोर्टाच्या दारात घेऊन फिरणारी माणसे कमी नाहीत. मध्येच एखादा "तुमचे काम करून देतो" म्हणणारा भेटतो आणि पैसे घेऊन जातो. रजेच्या अर्जासाठी कोणा मध्यस्थाची गरज नाही. अर्ज बंदी स्वतः तुरुंगातूनच करतो.

एक रजा भरते, दुसरी भरत नाही

महाराष्ट्रात हे सारे १८९४ च्या तुरुंग कायद्याखाली आणि १९५९ साली केलेल्या फर्लो व पॅरोलच्या नियमांवर उभे राहिले. त्या नियमांत पुढे वेळोवेळी दुरुस्त्या होत गेल्या. २०१६ आणि २०१८ सालच्या दुरुस्त्या मोठ्या होत्या. रजा दोन प्रकारच्या. फर्लोला सरकारी मराठीत संचित रजा म्हणतात आणि पॅरोलला अभिवचन रजा. नावे जड आहेत खरी, पण त्यांचा अर्थ नीट पाहिला तर सगळा नियम त्यांतच सापडतो.

संचित म्हणजे साठवलेली. बंद्याने ठरावीक काळ प्रत्यक्ष शिक्षा भोगली, तुरुंगात नीट वागला, काम केले, की त्याच्या खात्यावर ही रजा साठते. तिला कारण लागत नाही. घरी कोणी आजारी असले पाहिजे, लग्न असले पाहिजे, असे काही नाही. लांब शिक्षा भोगणाऱ्या माणसाचे घराशी नाते तुटू नये, तुरुंगातच राहून त्याचे मन मरू नये, हाच तिचा हेतू. (याच नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहून काढली. आत बसलेल्या माणसाला घर किती आठवत असेल, याचा याहून मोठा दाखला कशाला हवा?)

अभिवचन म्हणजे शब्द देणे. घरावर काही प्रसंग ओढवला म्हणून "मी परत येईन" असा शब्द देऊन घेतलेली ही रजा. तिला कारण लागते आणि त्या कारणाचा पुरावाही लागतो.

आता खरी गोम ऐका. फर्लोवर घालवलेले दिवस शिक्षेत धरले जातात. पॅरोलचे धरले जात नाहीत. नोकरदाराच्या भाषेत एक भरपगारी रजा आणि दुसरी बिनपगारी. समजा एखाद्याला सात वर्षांची शिक्षा आहे. त्याने वेगवेगळ्या वेळी मिळून नव्वद दिवस फर्लो भोगली तर सुटकेची तारीख जागची हलत नाही. तेच नव्वद दिवस पॅरोलचे असतील तर सुटका नव्वद दिवस पुढे जाते. जन्मठेपेच्या बंद्यांनाही याची झळ लागते. गोव्यातल्या काही बंद्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले, की मुदतपूर्व सुटकेसाठी चौदा वर्षांची प्रत्यक्ष कैद मोजताना पॅरोलचे दिवस वगळायचे. म्हणून घरच्यांनी दर वेळी "पॅरोल टाक, पॅरोल टाक" असा लकडा लावण्याआधी फर्लो शिल्लक आहे का, हे विचारावे. पॅरोल अडीनडीला राखून ठेवावी.

दोन्ही रजा मागता येतात, पण हक्क म्हणून ओढून घेता येत नाहीत. नियमांत तसे स्पष्ट लिहिले आहे आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०२१ साली याच १९५९ च्या नियमांचा विचार करताना फर्लो हा अबाधित हक्क नव्हे असेच म्हटले. शिवाय दरोडा, दहशतवादी कृत्ये, अंमली पदार्थांचा व्यापार अशा काही गुन्ह्यांतल्या बंद्यांसाठी हे दार नियमांनीच बंद किंवा फार अरुंद केले आहे.

कारण कोणते चालते

२०१८ च्या दुरुस्तीत पॅरोलचे दोन भाग दिसतात. पहिली तातडीची. आजी-आजोबा, आई-वडील, नवरा किंवा बायको, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण यांपैकी कोणाचा मृत्यू झाला, किंवा मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण यांचे लग्न असले, तर चौदा दिवस. मृत्यूच्या कारणासाठी मंजुरी कारागृह अधीक्षक देतात, लग्नासाठी कारागृह उपमहानिरीक्षक. मृत्यू खरोखर झाला का, याची खात्री गावच्या पोलीस ठाण्याकडून करून घेतली जाते. बंद्याला पोलीस पहाऱ्यात पाठवायचे की रोज ठाण्यात हजेरी लावायच्या अटीवर, हे मंजुरी देणारा ठरवतो. पहारा दिला तर त्याचा खर्च बंद्याकडूनच आगाऊ भरून घेतात. या रजेला मुदतवाढ नाही. तेराव्याला पाहुणे उशिरा आले, लग्नाची तिथी पुढे गेली, काहीही झाले तरी नाही.

दुसरी नेहमीची पॅरोल. आई-वडील, नवरा किंवा बायको, मुलगा-मुलगी यांचे गंभीर आजारपण, बायकोचे बाळंतपण, पुरात वा आगीत घर पडणे, भूकंप अशी तिची कारणे. इथे डॉक्टरचा दाखला, तलाठ्याचा पंचनामा असे कागद लागतात. गावात दाखले कसे मिळतात हे आपण सगळे जाणतो. पण खोटा दाखला जोडायचा मोह कोणी धरू नये. पोलीस चौकशीला दवाखान्यात जातात, आणि खोटे उघडे पडले की ही रजा तर जातेच, पुढच्या अर्जाकडेही संशयाने पाहिले जाते.

आणि शेती? पेरणी, काढणी, नांगरट हे कारण या यादीत नाही. पंजाबने १९६२ साली केलेल्या कायद्यात नांगरणी, पेरणी, कापणीसाठी बंद्याला घरी सोडता येईल असे चक्क लिहिले होते, आणि हरियाणाच्या १९८८ च्या कायद्यातही शेतीकामाचे कारण होते. आपल्याकडेही ते असायला हवे होते असे आमचे मत आहे. ज्या घरात करता माणूस एकच, त्या घराला मृग नक्षत्र हाही प्रसंगच असतो. पण नाही ते नाही. त्यावर तोड एवढीच, की फर्लोला कारण लागत नसल्यामुळे तीच हंगामाच्या बेताने मागावी. मात्र अर्ज, पोलिसांचा अहवाल, मंजुरी यांत आठवडे नव्हे, महिने जाऊ शकतात. कांदा काढणीला माणूस हवा असेल तर कांदा लावतानाच अर्ज गेला पाहिजे.

चौकशी तुमच्या दारात येते

अर्ज तुरुंगात होतो, पण त्याचे भवितव्य बरेचसे गावात ठरते. तुरुंगातून पत्र पोलिसांकडे येते आणि ठाण्याचा माणूस गावात येऊन जबाब घेतो. बंदी कुठे राहणार, त्याला कोण ठेवून घेणार, जामीनदार कोण, गावात त्याच्या येण्याने काही तंटा होईल का, ज्यांच्या घरचा माणूस दगावला ते कुठे राहतात, हे विचारले जाते. पोलीस पाटलालाही विचारणा होते.

पोलीस आले की पुष्कळ घरे घाबरतात. म्हातारा बाप म्हणतो, "मला काही माहीत नाही." भावकीतला कोणी जुना राग काढतो. बायको शेतावर असते. मग अहवालात लिहिले जाते, की ठेवून घेणारे कोणी तयार नाही, आणि अर्ज तिथेच पडतो. तेव्हा अर्ज केला आहे हे बंद्याने घरी कळवावे आणि घरच्यांनी जामीनदाराला आधीच बोलून ठेवावे. त्याचे ओळखपत्र, शिधापत्रिका, सात-बाराचा उतारा हे कागद एका पिशवीत असू द्यावेत. समोरच्या घराची भीती असेल तर बंदी वेगळ्या गावी, बहिणीकडे किंवा मामाकडे राहील असे सांगता येते. एकाच गावात दोन्ही घरे असतील तर हेच शहाणपणाचे. त्या घरातल्या माणसांनी आपला माणूस कायमचा गमावलेला आहे, हे आपण विसरता कामा नये. रजेवर आलेल्याने त्यांच्या दारावरून मिशीला पीळ देत जाण्यासारखे दुसरे पाप नाही.

अर्ज नामंजूर झाला तर त्याची लेखी प्रत मागून घ्यावी. तीत कारण लिहिलेले असते आणि त्याविरुद्ध दाद मागता येते. नुसते "गावात अशांतता होईल" किंवा "पळून जाईल" असे आधाराशिवाय लिहिलेल्या पोलीस अहवालावरून रजा नाकारणे बरोबर नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने अनेक निकालांत म्हटले आहे. वकिलाला पैसे कुठून आणायचे? तुरुंगातल्या माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या कायद्याप्रमाणे मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तिथे जावे. आतून बंद्यानेही तुरुंगामार्फत तसा अर्ज करावा.

कागदावर काय लिहिलेले असते

मंजुरी आली की बंदी आणि जामीनदार यांच्याकडून बंधपत्र लिहून घेतात. अटी थोड्याफार वेगळ्या असतात, पण गाभा एकच. सांगितलेल्या पत्त्यावरच राहायचे. आखून दिलेल्या हद्दीबाहेर परवानगीशिवाय जायचे नाही. ठरवून दिल्याप्रमाणे पोलीस ठाण्यात हजेरी लावायची. शांततेने वागायचे, वाईट संगत धरायची नाही. जाण्यायेण्याचा खर्च आपला आपण करायचा. सरकारने मध्येच परत बोलावले तर निमूट जायचे. आणि मुदत संपली की स्वतः होऊन तुरुंगाच्या दारात हजर व्हायचे.

यातली हद्दीची अट लोक फार हलकी समजतात. निफाडचा पत्ता दिलेला माणूस "सहज" म्हणून वणीच्या गडावर जातो, शिर्डीला जातो, सासरवाडीला चार दिवस राहतो. देवाला गेला तरी अट मोडली ती मोडलीच. अटीवर सुटलेल्या माणसाला हद्द किती घट्ट असते, हे नाशिककरांनी इतिहासातही पाहिले आहे. नाशिक कटाच्या खटल्यातून काळ्या पाण्यावर गेलेले विनायक दामोदर सावरकर १९२४ च्या जानेवारीत येरवड्याहून सुटले ते दोन अटींवर: रत्नागिरी जिल्ह्याबाहेर सरकारच्या परवानगीशिवाय जायचे नाही आणि राजकारणात पडायचे नाही. अट होती पाच वर्षांची. ती पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि ते मोकळे झाले १९३७ साली. तो काळ वेगळा, राज्य परक्याचे, प्रकरण राजकीय. पण कागदावरची हद्द तुरुंगाच्या भिंतीइतकीच खरी असते, हे त्यावरून कळते.

हजेरीचेही तसेच. ठाण्यात गेले की नोंद झाली का ते पाहावे आणि घरी वहीत तारीख व वेळ लिहून ठेवावी. "साहेब नव्हते म्हणून परत आलो" हे पुढे कोणी ऐकत नाही.

दोन रोज थांब

बहुतेक माणसे पळून जायच्या हेतूने उशीर करत नाहीत. ती घरात अडकतात.

समजा तुरुंगाने दिलेली मुदत एप्रिलच्या मध्यावर संपते आहे. उन्हाळ कांदा काढून शेतात पडला आहे. मजूर मिळत नाहीत. आभाळ भरून आले आहे, गारपिटीची भीती आहे. उद्या सकाळी तुरुंगात पोचायचे आहे, आणि रात्री आई म्हणते, "बाळा, दोन रोज थांब. एवढा कांदा चाळीत गेला की जा." बायको काही बोलत नाही, पण तिलाही तेच वाटत असते. माणूस थांबतो. दोनाचे चार होतात. चार झाले की आता गेलो तर काय म्हणतील या भीतीने पाय उचलत नाही, आणि मग आठ होतात. पुष्कळदा वाईट हेतूपेक्षा ही भीतीच माणसाला फरारी करते.

आता त्या कांद्याची किंमत किती पडते ते पाहू. चांगल्या वागणुकीबद्दल बंद्याला शिक्षेत माफीचे दिवस मिळत असतात. उशिराने आलेल्याची ही माफी कापली जाते, आणि उशिराच्या एका दिवसाला एकच दिवस असा सरळ हिशेबही नसतो. एकेका दिवसापोटी अनेक दिवस जाऊ शकतात. उशीर मोठा असला तर माफीच्या नोंदवहीतून नावच निघू शकते. भरलेली अनामत जप्त होते, जामीनदाराकडून बंधपत्राची रक्कम वसूल होऊ शकते. वेळेवर हजर न झालेल्या बंद्याला पुढे फर्लो देऊ नये, असे नियमांत कलमच आहे. त्यावर पोलिसांत वेगळा गुन्हा नोंदवला जातो. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम २२४ खाली होत असे, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २६२ लागते. त्याची शिक्षा दोन वर्षांपर्यंत, आणि ती मूळ शिक्षेच्या वर.

घरच्यांसाठीही एक गोष्ट सांगायला हवी. पळालेल्या माणसाला लपवून ठेवणे हाही गुन्हा आहे. त्यातून कायद्याने नवरा-बायकोला सूट दिली आहे. आई-बापाला, भावाला ती सूट नाही. मळ्यातल्या खोपटात पोराला दडवून रोज भाकरी नेणाऱ्या बापाची माया आम्हाला कळते. पण त्या भाकरीने तो स्वतःही अडकतो आणि पोराची वर्षेही वाढवतो.

खरीच अडचण आली तर? आईची शस्त्रक्रिया पुढे गेली, किंवा स्वतः बंद्यालाच दवाखान्यात दाखल करावे लागले तर? मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्याआधी गेला पाहिजे. आणि अर्ज दिला म्हणजे मुदत वाढली असे होत नाही. मंजुरीचा कागद हाती येईपर्यंत जुनीच तारीख खरी. ती तारीख आली आणि मंजुरी आली नाही, तर परत जायचे. बंदी स्वतः दवाखान्यात असेल तर त्याच दिवशी तुरुंगाला आणि पोलीस ठाण्याला लेखी कळवावे, पोच घ्यावी, दवाखान्याचे कागद जपावेत. उशीर झालाच असेल तर पकडून नेईपर्यंत वाट पाहू नये. चौथ्या दिवशी स्वतःच्या पायाने गेलेला आणि चार महिन्यांनी बेड्या घालून नेलेला, या दोघांना एकाच मापाने कोणी मोजत नाही.

एकाचे पळणे, अनेकांचे अडणे

नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहातून २०१६ च्या आरंभी एक बंदी आईच्या आजारपणासाठी पॅरोलवर गेला. मुंबईतल्या एका तरुण वकील महिलेच्या खुनाबद्दल त्याला जन्मठेप झाली होती. मुदत संपली, तो आलाच नाही. दीड वर्षाहून अधिक काळ शोध चालला आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये तो काश्मीरमध्ये सापडला. या पळण्याचा राज्यभर गवगवा झाला, आणि त्याच २०१६ च्या ऑगस्टमध्ये शासनाने फर्लो-पॅरोलचे नियम कडक केले. पॅरोलवर बाहेर पडलेला त्या एका माणसाने मोडलेला शब्द पुढे वेळेवर परतणाऱ्या कितीतरी बंद्यांच्या अर्जावर सावलीसारखा पडला.

याची उलट बाजू करोनाच्या साथीत दिसली. तुरुंगात दाटी होती आणि साथ पसरण्याची भीती होती. म्हणून ८ मे २०२० रोजी महाराष्ट्राने नियम बदलून तातडीची पॅरोल सुरू केली: आधी पंचेचाळीस दिवस आणि साथीचा आदेश असेपर्यंत पुढे तीस-तीस दिवसांची वाढ. गावच्या पोलीस ठाण्यात दर तीस दिवसांनी हजेरी लावायची. ती कोणाला मिळाली? सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्यांना, आणि त्याहून लांब शिक्षेच्या बंद्यांपैकी जे मागच्या दोन रजांवरून वेळेवर परतले होते त्यांना. काही गंभीर कायद्यांखालचे बंदी वगळले गेले. पूर्वी कधीतरी दोनदा वेळेवर तुरुंगाचे दार गाठले होते, एवढ्या एका गोष्टीने अनेकांना दोन वर्षे मुलाबाळांत राहता आले. पूर्वी उशीर केलेल्यांना ती दोन वर्षे आतच काढावी लागली. मे २०२२ मध्ये सर्वांना परत बोलावण्याचा आदेश निघाला. पुष्कळ परतले. जे परतले नाहीत त्यांच्यावर राज्यभर गुन्हे दाखल झाले. यातल्या काही जणांना शिक्षा संपली असेच वाटले होते म्हणे. दोन वर्षे घरी राहिलेल्या माणसाला तसे वाटावे यात नवल नाही, पण कागद वाचायला हवा होता.

आत न जाता देखरेखीखाली

तरुण पोराच्या हातून पहिल्यांदाच काही घडले असेल, तर आणखी एक वाट आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. १९५८ चा अपराधी परिवीक्षा कायदा सांगतो, की गुन्हा फाशी किंवा जन्मठेपेच्या शिक्षेचा नसेल तर दोषी ठरलेल्यालाही न्यायालय तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकते. बंधपत्राची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे. हवे तर त्याला परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवता येते, आणि ही देखरेख कमीत कमी एक वर्षाची असते. एकवीस वर्षांखालच्या मुलाबद्दल तर कायदा न्यायालयाला आधी या वाटेचाच विचार करायला सांगतो. बांधावरच्या मारामारीत मुलगा दोषी ठरण्याची वेळ आली तर वकिलाला हे जरूर विचारावे. परिवीक्षा अधिकारी घरी येईल, शेजाऱ्यांशी बोलेल. त्याला पोलीस समजून दार लावून घेऊ नये. त्याचा अहवालच मुलाच्या उपयोगी पडतो.

आटपाडीची वसाहत

शिक्षा चालू असतानाच घरच्यांसह शेतीवर राहता आले तर? हे स्वप्न नव्हे. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची बंद्यांची वसाहत आहे. औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी १९३९ साली ती वसवली. मॉरिस फ्रिडमन या पोलंडहून आलेल्या आणि भारतानंद नाव घेतलेल्या गृहस्थाची ही कल्पना. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेली माणसे इथे कुंपणाशिवाय राहिली, शेत कसले, बायकामुलांना जवळ ठेवले. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट याच प्रयोगावरून निघाला, आणि त्याची कथा लिहिली त्याच माणदेशच्या मातीतल्या ग. दि. माडगूळकरांनी. पुढे राज्यात येरवडा, पैठण अशी खुली कारागृहेही झाली. तिथे बंदी दिवसभर शेतावर राबतात आणि त्यांना माफीही अधिक मिळते. या खुल्या कारागृहासाठी निवड करताना बंद्याचा तुरुंगातला इतिहास पाहतात, आणि रजेवरून तो कधी व कसा परतला हेही त्या इतिहासात असते.

परतीचा दिवस

रजेचा कागद घरात आला की पहिल्याच दिवशी त्यावरची परतीची तारीख मोठ्या अक्षरात दिनदर्शिकेवर लिहावी. तोंडी ऐकलेल्या दिवसांवर मोजणी करू नये. कागदावरची तारीखच पाहावी. सुरगाणा, पेठ, कळवणच्या आतल्या पाड्यांवरून निघणाऱ्याने एसटीच्या भरवशावर शेवटची सकाळ ठेवू नये. आदल्या दिवशीच नाशिकला नातेवाइकाकडे मुक्काम करावा. संध्याकाळी बंद्यांची मोजदाद होऊन बराकी बंद होतात, त्याच्या पुष्कळ आधी दारावर पोचावे. सोबत जामीनदाराने किंवा घरच्या एखाद्या माणसाने जावे. रजेचा कागद, हजेरीच्या तारखांची वही आणि दवाखान्याचे कागद असतील तर ते बरोबर न्यावेत, त्यांची एकेक नक्कल घरी ठेवावी. तो आत गेल्याची वेळ घरच्या वहीत लिहावी. आणि पुढच्या फर्लोचा अर्ज केव्हा करता येईल, हे त्याच दिवशी, दारावरच विचारून घ्यावे.